डेमिंग यांचे लाल मणी
गोंदियाच्या बांध्यांत चिखलणी करणारे महिंद्राचे ट्रॅक्टर आपण पाहतोच. त्या कंपनीच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ साली जपानचा डेमिंग पुरस्कार मिळाला. एडवर्ड्‌स डेमिंग (१९००–१९९३) हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. १९५० साली त्यांनी जपानी उद्योजकांना गुणवत्तेचे धडे दिले. त्यांचा लाल मण्यांचा प्रयोग वर्गात चिंचोक्यांवर करता येतो.

सारख्या आकाराच्या ५०० चिंचोक्यांपैकी १०० लाल रंगवून सगळे पिशवीत टाका. लाल म्हणजे खराब माल. प्रत्येकाने न पाहता ५० काढावेत, लाल मोजावेत आणि परत टाकून ढवळावेत. सरासरी १० च्या आसपास येईल. पण कुणाला ६, कुणाला १४. सहावाल्याला शाबासकी द्या, चौदावाल्याला दटावा (खोटेखोटेच!) आणि पुन्हा काढायला सांगा. बहुधा पहिल्याचे लाल वाढतील, दुसऱ्याचे घटतील. हा दटावणीचा परिणाम? मुळीच नाही. इथे कौशल्याचा संबंधच नाही. लाल कमी हवेत तर ते पिशवीतूनच कमी करायला हवेत, आणि पिशवी भरतो व्यवस्थापक.

विद्यार्थ्यांना क्रमांक देण्यालाही डेमिंग यांचा विरोध होता. अभ्यास म्हणजे काही चिंचोके नव्हेत, हे खरे. तरी घटक चाचणीत २० पैकी १४ वरून १२ वर आलेले मूल घसरले, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. आणखी दोन-तीन चाचण्या पाहाव्या लागतात.