पाळीव प्राण्यांच्या खाद्यावरील घटकसूची (अमेरिका)

पाळीव प्राण्यांच्या खाद्यावरील घटकसूची म्हणजे कुत्रा, मांजर इत्यादी प्राण्यांसाठी तयार केलेल्या खाद्याच्या वेष्टनावर छापलेली, त्यात वापरलेल्या पदार्थांची यादी. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही यादी कायद्याने बंधनकारक असून सर्व घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने व प्रचलित नावाने लिहावे लागतात.

कायदेशीर आधार

प्राण्यांचे खाद्य १९३८ च्या संघीय अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या कक्षेत येते. त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन (एफडीए) करते. बरेचसे तपशीलवार नियम मात्र राज्यांच्या खाद्यविषयक कायद्यांत आहेत आणि त्यांतील बहुतेक नियम १९०९ मध्ये स्थापन झालेल्या असोसिएशन ऑफ अमेरिकन फीड कंट्रोल ऑफिशियल्स (आफको) या संघटनेच्या नमुना नियमांवर बेतलेले आहेत. आफको ही शासकीय संस्था नाही. ती खाद्याची तपासणी करत नाही, त्याला मान्यताही देत नाही. वेष्टनावर तिचे नाव दिसत असल्यामुळे ग्राहकांचा याबाबत अनेकदा गैरसमज होतो.

घटकांचा क्रम

घटकांचे वजन ते मिश्रणात घातले जातात त्या अवस्थेत, म्हणजे त्यांतील पाण्यासह, धरले जाते. ताज्या कोंबडीच्या मांसात सुमारे ७० टक्के पाणी असते, तर 'चिकन मील' या वाळवून दळलेल्या पदार्थात ते १० टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे यादीत पहिले स्थान मिळवणाऱ्या १०० ग्रॅम ताज्या मांसातून सुमारे ३० ग्रॅमच शुष्क पदार्थ मिळतो. खाली लिहिलेल्या ४० ग्रॅम चिकन मीलमधून मात्र सुमारे ३६ ग्रॅम मिळतो. एकाच धान्याचे पीठ, कोंडा व ग्लुटेन हे वेगवेगळे घटक म्हणून नोंदले, तर प्रत्येकाचे वजन कमी भरून ते धान्य यादीत खाली जाते. या दोन्ही गोष्टी नियमांना धरूनच आहेत.

गुराढोरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यावर 'धान्यजन्य पदार्थ' यांसारखी सामूहिक नावे चालतात. कुत्र्यामांजरांच्या खाद्यावर ती चालत नाहीत, प्रत्येक घटक स्वतंत्रपणे लिहावा लागतो. युरोपीय संघात याउलट 'मांस व प्राणिजन्य पदार्थ' असा गट लिहिण्याची मुभा आहे. 'मीट बाय-प्रॉडक्ट्स' या नावाखाली फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड, रक्त, हाडे इत्यादी भाग येतात, परंतु केस, शिंगे, दात व खूर वगळलेले असतात.

उत्पादनाचे नाव

घटकसूचीत टक्केवारी देणे आवश्यक नसते. ती अप्रत्यक्षपणे कळते ती उत्पादनाच्या नावावरून. 'बीफ डॉग फूड' या नावासाठी, प्रक्रियेत घातलेले पाणी वगळता, किमान ९५ टक्के गोमांस असावे लागते. 'डिनर', 'आंत्रे' किंवा 'प्लॅटर' यांसारखा शब्द जोडल्यास २५ टक्के पुरते. 'डॉग फूड विथ बीफ' असे म्हटल्यास केवळ ३ टक्के पुरेसे ठरते. म्हणजे 'विथ' या एका शब्दाने ९५ चे ३ होतात. 'बीफ फ्लेवर' या नावासाठी निश्चित टक्केवारीच नाही, चव ओळखू येण्याइतका अंश असला की झाले. 'प्रीमियम' या शब्दाला तर कायदेशीर अर्थ नाही.

पोषक घटकांची हमी आणि २००७ मधील भेसळ

वेष्टनावर कच्ची प्रथिने व कच्चे स्निग्ध पदार्थ यांचे किमान, तर तंतू व ओलावा यांचे कमाल प्रमाण द्यावे लागते. हे आकडे ओलाव्यासह असल्याने थेट तुलना फसवी ठरते. ७८ टक्के ओलावा व ८ टक्के प्रथिने असलेल्या डबाबंद खाद्यात शुष्क वजनाच्या सुमारे ३६ टक्के प्रथिने असतात, तर १० टक्के ओलावा व २६ टक्के प्रथिने असलेल्या कोरड्या खाद्यात सुमारे २९ टक्केच.

'कच्ची' या शब्दाचा अर्थ असा, की प्रथिने प्रत्यक्ष न मोजता नायट्रोजन मोजून त्यास ६.२५ ने गुणले जाते. मार्च २००७ मध्ये या पद्धतीतील पळवाट उघड झाली. कॅनडातील मेनू फूड्स या उत्पादकाने, आणि पुढे इतर कंपन्यांनीही, अनेक नाममुद्रांचे खाद्य बाजारातून परत मागवले. चीनमधून आलेल्या कथित गहू-ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे औद्योगिक रसायन आढळले होते. मेलामाइनच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असल्याने चाचणीत प्रथिनांचा आकडा फुगत असे. मेलामाइन व सायन्युरिक आम्ल यांचे स्फटिक मूत्रपिंडांत साचून अनेक कुत्री व मांजरे दगावली. यादीत 'गहू-ग्लुटेन' हे नाव होते. एफडीएच्या तपासात तो पदार्थ मेलामाइन मिसळलेले गव्हाचे पीठ असल्याचे निष्पन्न झाले.

२०२३ मध्ये आफकोने नमुना नियमांत फेरबदल स्वीकारले. त्यांनुसार हमीचा तक्ता मानवी अन्नावरील पोषणतक्त्याच्या धर्तीवर द्यावयाचा असून उत्पादकांना त्यासाठी सहा वर्षांचा संक्रमणकाळ सुचवलेला आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचा नियम कायम आहे.