कंट्रोल आणि म

टर्मिनलमध्ये प्रोग्राम अडकला की कंट्रोल-सी दाबायचे, हे लिनक्सवर बसणारा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी शिकतो. जळगाव-धुळ्याकडे संगणक अभियांत्रिकी शिकणारी मुलेही ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला हेच शिकतात. पण कळफलक मराठीवर असेल तर? केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 साली ठरवलेल्या इनस्क्रिप्ट रचनेत सीच्या कळीवर म आहे. मग टर्मिनलपुढे येतात कंट्रोल आणि म.

यात काय बिघडते ते समजायला थोडे मागे जावे लागते. बेल लॅब्जमध्ये 1969 साली युनिक्स घडत होते तेव्हा टर्मिनल म्हणजे टेलिटाइप असे: टकटक करत कागदावर छापणारे यंत्र. त्याच्याकडून संगणकाकडे कळ जात नसे, फक्त अक्षराचा क्रमांक जाई. आस्की तक्त्यात मोठ्या सीचा क्रमांक 67. कंट्रोल दाबले की त्यातून 64 वजा होतात आणि उरतो 3. तोच थांबण्याचा हुकूम. टॅबचा क्रमांक 9, कंट्रोल-आयचाही 9. एंटर आणि कंट्रोल-एम, दोन्ही 13. म्हणून जुन्या पद्धतीच्या टर्मिनलात या जोड्यांना वेगवेगळी कामे नेमून देता येत नाहीत. युनिकोडमध्ये म चा क्रमांक 2350. आस्कीच्या त्या वजाबाकीत त्याला जागाच नाही.

काही टर्मिनल यातून वाट काढतात. कंट्रोलबरोबर देवनागरी अक्षर आले की त्याच कळीवरचे रोमन अक्षर शोधून ते 3 पाठवतात. सगळेच टर्मिनल एवढी काळजी घेत नाहीत. ऑल्टच्या बाबतीत तर अडचण हमखास येते. एक शब्द मागे जायला ऑल्ट-बी असते. ऑल्ट दाबले की टर्मिनल अक्षराआधी एस्केप पाठवते, आणि मराठी कळफलकावर त्याच्या पाठोपाठ बीऐवजी व जातो. ऑल्ट-एफच्या जागी ऱ्हस्व वेलांटी जाते.

म्हणून शॉर्टकट चालला नाही की सेटिंग बदलत सुटण्याआधी एकच प्रश्न विचारावा: कळ वाटेत कोणी उचलली? वाटेवर पाच दारे आहेत. पहिले डेस्कटॉप आणि त्याची भाषा बदलणारी यंत्रणा. आयबसच्या जुन्या आवृत्त्यांत भाषा कंट्रोल-स्पेसने बदलायची, त्यामुळे ईमॅक्समध्ये खूण करण्याची तीच कळ आत पोचतच नसे. दुसरे दार टर्मिनलच्या खिडकीचे. ग्नोमचे टर्मिनल एफ-10 मेनूसाठी ठेवून घेते आणि एचटॉपमधून त्या कळीने बाहेर पडता येत नाही. खिडकीच्या पसंतींत ही सवय बंद करता येते. तिसरे टीटीवाय, म्हणजे कर्नलमधला टर्मिनल सांभाळणारा भाग, चौथे बॅशची रीडलाइन, आणि शेवटी खुद्द प्रोग्राम.

तिसऱ्या दाराने नवशिक्यांना जितके घाबरवले असेल तितके दुसऱ्या कशानेच नसेल. फाइल जतन करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबले जाते आणि पडदा गोठतो. माणसे खिडकी बंद करतात, काही जण यंत्रच बंद करतात. बिघडलेले काहीच नसते. समोरच्याने जरा थांबावे, एवढे सांगणारा हा टेलिटाइपच्या काळातला इशारा. कंट्रोल-क्यू दाबले की सगळे पुन्हा वाहू लागते. एसटीटीवाय आज्ञेने आयएक्सऑन ही सेटिंग बंद केली की त्या खिडकीपुरता हा त्रास संपतो. शिवाय कंट्रोल-एस मोकळी होते आणि आज्ञांच्या इतिहासात पुढे शोधायला कामी येते.

निदानासाठी कॅट ही साधी आज्ञा पुरते. कळफलक इंग्रजीवर असताना ती चालवावी, मग मराठीवर येऊन संशयित कळ दाबावी. पडद्यावर काहीच उमटले नाही, तर कळ बहुधा पहिल्या दोन दारांतच अडकली. टोपीचे चिन्ह, चौकोनी कंस आणि व दिसला, तर ती आत पोचली आहे, फक्त रीडलाइनला तिचा अर्थ माहीत नाही.

तो अर्थ आपणच सांगायचा. बॅश 1989 साली ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिले. चेट रॅमी ते अनेक वर्षे सांभाळत आहेत. कळींचे काम पाहणारी रीडलाइन मात्र स्वतंत्र लायब्ररी आहे, जीडीबीसारखी इतर साधनेही ती वापरतात. घरच्या फोल्डरमध्ये डॉट-इनपुटआरसी नावाची फाइल करायची, कन्व्हर्ट-मेटा बंद ठेवायचे आणि एका ओळीत लिहायचे: एस्केप आणि व आले की एक शब्द मागे जा. वेलांटीसाठी दुसरी ओळ, एक शब्द पुढे जाण्याची. कंट्रोल-एक्स आणि मग कंट्रोल-आर दाबले की फाइल पुन्हा वाचली जाते.

हा खटाटोप मला क्षुल्लक वाटत नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी धुळ्यात 31 डिसेंबर 1926 रोजी देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच जुनी कागदपत्रे सांभाळते. तसल्या कागदांच्या छायाचित्रांना मराठीत नावे देणाऱ्याला, किंवा अहिराणी शब्दांची यादी करणाऱ्याला, दर दोन मिनिटांनी भाषा बदलावी लागते. प्रत्येक बदलात एखादी आज्ञा चुकते आणि लक्ष तुटते. मग माणूस कंटाळून फाइलींना रोमन नावे देऊ लागतो. मराठी तिथून मागे सरते, आणि कारण एवढेच की एका ओळीची सोय कोणी दाखवली नाही.

विममध्ये तर ती सोय आधीच आहे. कीमॅपचा तक्ता स्वतः लिहिता येतो: लिहिण्याच्या अवस्थेत देवनागरी उमटते आणि बाहेर पडताच आज्ञा रोमन राहतात. दोनदा डी दाबल्यावर ओळ पुसण्याऐवजी हलन्त येणे बंद होते. मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प लिनक्सचे धडे मराठीत देतो. माझ्या मते प्रॅक्टिकलच्या वहीत पहिल्या आठवड्यातच कॅटची ही चाचणी आणि इनपुटआरसीच्या या दोन ओळी याव्यात, आणि त्या वेळी कळफलक मराठीवर असावा.