गाडी ‘मिसिंग’ मारतेय? आधी वही काढा!

घरी जुनी गाडी असेल तर हा सीन तुम्हाला पाठ असणार. गाडी मस्त चाललीय, चढ येतो, तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता आणि इंजिन एकदम दम खातं. दोन-तीन झटके बसतात, मग काही झालंच नाही अशी गाडी पुन्हा पळायला लागते. मेकॅनिककडे नेली की मात्र एकदम शहाणी!

धारणीच्या माझ्या मामाची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० अशीच. आधीच्या मालकाने तिला एलपीजी किट बसवलं होतं. गाडी मामाकडे येण्याआधी गॅसची टाकी निघाली, म्हणून किटचा विषयच आमच्या डोक्यातून गेला होता.

झटक्यांवर आम्ही हसलो असतो, पण आजीच्या हृदयाचे डॉक्टर अमरावतीत. धारणीहून हरिसाल, सेमाडोह, घटांग, परतवाडा असं सुमारे दीडशे किलोमीटर जायचं. वाटेत मेळघाटचं वाघांचं जंगल, आणि बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. दोनदा गाडी घाटात अडखळली. घरी आल्यावर आजी म्हणाली, “मले नाही जायाचं आता. इथलीच गोळी बरी.” त्या दिवशी गाडीचा आजार घरातला आजार झाला.

मग आम्ही तेच केलं जे सगळे करतात. प्लग बदलले. पेट्रोल फिल्टर बदलला. कार्ब्युरेटर साफ करून घेतला. प्रत्येक वेळी दोन दिवस गाडी छान चालली आणि तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. इथेच आपण फसतो. कधीतरीच येणारा बिघाड दोन दिवस आला नाही, म्हणजे तो गेला असं होत नाही.

शेवटी परतवाड्याच्या एका जुन्या मेकॅनिकने बॉनेट न उघडताच विचारलं, “मिसिंग मारते हे समजलं बाप्पा. पण कवा मारते?”

आमच्याकडे उत्तरच नव्हतं! म्हणून गाडीत एक वही ठेवली. तारीख, इंजिन थंड की गरम, चढ की सपाट, रस्ता कसा, पेट्रोल किती. लिहायचं शेजारी बसलेल्याने, चालवणाऱ्याने नाही.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत या ‘कधी’वरून बराच अंदाज येतो. फक्त थंड असताना अडखळली तर चोककडे बघा. इंजिन तापल्यावरच त्रास होत असेल तर इग्निशन कॉइलवर संशय घ्या. कडक उन्हाळ्यात पाइपातल्या पेट्रोलची वाफ होऊनही असं होतं. पेडल झटकन दाबल्यावर पहिल्याच क्षणी गचका बसला, तर कार्ब्युरेटरमधला अ‍ॅक्सिलरेटर पंप तपासा. पावसाळी ओलीत त्रास वाढला, तर प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी बघा. लांब चढावर दम सुटला, तर पेट्रोल पुरेसं पोचतंय का ते पाहा. आणि खड्ड्यांशी नातं दिसलं, तर सैल वायर शोधा.

आमची वही काय म्हणाली? थंड असताना त्रास, गरम असतानाही त्रास. सपाट, चांगल्या रस्त्यावर एकदाही नाही. उखडलेला रस्ता आणि चढ एकत्र आले की हमखास, तोही खड्डे गेल्यावर थोड्या वेळाने.

मेकॅनिकने वही वाचली, इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवली आणि पेट्रोलच्या पाइपाजवळची एक वायर हलवली. टक. पुन्हा हलवली. टक-टक!

जुन्या किटचा पेट्रोल बंद करणारा व्हॉल्व्ह तिथेच राहिला होता. गाडी गॅसवर चालताना पेट्रोल थांबवणं हे त्याचं काम. आता चावी फिरली की तो उघडायचा, पण त्याची अर्थिंगची वायर सैल होती. खड्ड्यांत ती हलली की व्हॉल्व्ह मिटायचा. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं, म्हणून झटका लगेच बसत नसे. चढावर ती वाटी लवकर रिकामी व्हायची. खड्डा मागे, झटका पुढे, म्हणून दोघांचं नातं कुणालाच दिसलं नव्हतं.

व्हॉल्व्ह काढला, पेट्रोलचा नवा पाइप चांगल्या क्लॅम्पने बसवला आणि त्याच घाटात गाडी पुन्हा चालवून पाहिली. ठणठणीत!

तुमच्यासाठी तीन गोष्टी. एका वेळी एकच पार्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही. मॉडिफाय केलेल्या गाडीत कंपनीने बसवलेल्या पार्टआधी नंतर जोडलेल्या गोष्टी तपासा: किट, अ‍ॅम्प्लिफायर, जादा लाइट आणि त्यांचे जोड. आणि पेट्रोलच्या पाइपाला स्वतः हात लावू नका. गरम इंजिनवर सांडलेल्या पेट्रोलला आग लागू शकते.

कायद्याचंही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाला येईल तसे बदल चालत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. गॅस किट बसवलं तर त्याची नोंद आरसी बुकात हवीच.

गेल्या महिन्यात आजी अमरावतीला जाऊन आली. घटांगचा चढ संपल्यावर मागच्या सीटवरून आवाज आला, “काऊन रे, आज खोकलली नाही गाडी?” मामाने वही मागे दिली. त्या दिवसाची ओळ कोरी होती.