‘त्याला फाशीच द्या’ म्हणण्याआधी...

आमच्या लॉ कॉलेजात मूट कोर्टसाठी चिठ्ठ्या टाकतात. गेल्या वर्षी माझी चिठ्ठी उघडली आणि घामच फुटला. खटला काल्पनिक होता. खून सिद्ध झालाय, आरोपी १९ वर्षांचा, अख्खं शहर त्याच्या नावाने बोटं मोडतंय. माझं काम काय, तर त्याला फाशी होऊ नये म्हणून बोलायचं.

रूमवर येऊन सांगितलं, तर रूममेट उडालीच. ‘‘शी! तू त्याची बाजू घेणार? लहान मुलाला मारलंय ना त्याने?’’ मला उत्तर सुचेना. कारण अशी बातमी आली की ‘चौकात फाशी द्या’वाली स्टोरी मीही टाकलेली आहे. तुम्हीही टाकली असेल.

सरांकडे रडगाणं घेऊन गेले. त्यांनी एकच सांगितलं, ‘‘आधी शिकागोचा १९२४चा खटला वाच. मग ये.’’

त्या वर्षी २१ मे रोजी शिकागोत बॉबी फ्रँक्स नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला गाडीत बसवून नेलं आणि मारलं. मारणारे दोघं आपल्याच वयाचे. नेथन लिओपोल्ड १९ वर्षांचा, रिचर्ड लोब १८ वर्षांचा. दोघंही गडगंज घरातले, अभ्यासात भलतेच हुशार, शिकागो विद्यापीठात शिकलेले. सूड नाही, पैशांची गरज नाही. कधीच पकडला जाणार नाही असा ‘परफेक्ट’ गुन्हा करून बघायचा होता, बस्स. पण मृतदेहाजवळ लिओपोल्डचा चष्मा पडला, त्यावरून पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले आणि दोघांनीही कबुली दिली.

वर पश्चात्तापाचा लवलेश नाही. पेपरांनी रोज रकानेच्या रकाने छापले. लोकांना फाशीच हवी होती. त्यात घरच्यांनी क्लॅरन्स डॅरो हा त्या काळचा नामांकित वकील उभा केला. मग काय, ‘श्रीमंतांची पोरं पैशाच्या जोरावर सुटणार’ अशी ओरड सुरू झाली.

डॅरो तेव्हा ६७ वर्षांचा होता आणि आयुष्यभर फाशीच्या विरोधात बोलत आला होता. त्याने काय करावं? थेट गुन्हा कबूल करायला लावला. ‘माझ्या अशिलांनी हे केलं नाही’ असं तो एकदाही म्हणाला नाही. गुन्हा कबूल केल्यामुळे खटला ज्युरीपुढे गेला नाही. ज्युरीत १२ जण असतात, जबाबदारी १२ जणांत वाटली जाते. आता जॉन कॅव्हर्ली या एकट्या न्यायाधीशाला ठरवायचं होतं, फाशी की तुरुंग.

सुनावणी सुमारे महिनाभर चालली. शेवटी डॅरो काही दिवस मिळून १२ तासांच्या आसपास बोलला. एवढं बोलून त्याने मागितलं काय? सुटका नाही. फक्त दोघांना तुरुंगात जगू द्या, एवढंच. दोघांची वयं, त्यांची बिघडलेली मनं, घरात पैसा असूनही कसं वाढवलं गेलं, हे त्याने एकेक करून मांडलं. नुकत्याच संपलेल्या महायुद्धाने माणसाचा जीव किती स्वस्त केला, हेही बोलला. या वयाच्या आरोपीने गुन्हा कबूल केल्यावर या शहरात आधी काय शिक्षा झाली, तेही दाखवलं. क्रूरपणाला क्रूरपणाने उत्तर देऊन क्रूरपणा कमी होत नाही, हा त्याच्या बोलण्याचा गाभा.

१० सप्टेंबर १९२४ रोजी निकाल आला. खुनासाठी जन्मठेप आणि अपहरणासाठी वर ९९ वर्षं. फाशी न देण्याचं मुख्य कारण न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितलं, दोघांचं वय.

पुढे काय झालं? लोबला १९३६मध्ये तुरुंगातच दुसऱ्या कैद्याने मारलं. लिओपोल्डने तुरुंगात कैद्यांना शिकवलं, दुसऱ्या महायुद्धात मलेरियाच्या औषधांच्या प्रयोगासाठी स्वतःचं शरीर दिलं. ३३ वर्षांनी, १९५८मध्ये तो पॅरोलवर सुटला, पोर्टो रिकोत जाऊन एका इस्पितळात काम करू लागला आणि १९७१मध्ये वारला. यामुळे बॉबी परत आला का? नाही. पण १९ वर्षांचा तो मुलगा आयुष्यभर तसाच राहिला, असंही झालं नाही.

हे सगळं वाचून सरांकडे गेले. त्यांनी विचारलं, ‘‘मग, शिकलीस काय?’’ मी म्हटलं, ‘‘गुन्हा छोटा करून दाखवायचा नाही. माणूस पूर्ण दाखवायचा.’’ सर हसले. म्हणाले, ‘‘आणि आता आपल्याकडे बघ.’’

आपल्याकडे दोषी ठरवल्यानंतर शिक्षेवर वेगळी सुनावणी घ्यावी लागते. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद होती, आताच्या नव्या कायद्यातही आहे. १९८०मध्ये बच्चन सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फाशी फक्त ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणातच. गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघा, त्याचं वय बघा, तो सुधारू शकतो का बघा. कागदावर छान आहे. पण कित्येकदा सकाळी दोषी, दुपारी शिक्षा, असंच होतं. सरकारने दिलेला वकील गरीब आरोपीबद्दल दोन-चार वाक्यं बोलतो : घरी म्हातारी आई आहे, पहिलाच गुन्हा आहे. संपलं. म्हणूनच २०२२मध्ये मनोज खटल्यात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की आरोपीची मानसिक तपासणी, तुरुंगातलं वर्तन, घरची परिस्थिती ही माहिती खालच्या कोर्टानेच आधी मागवून घ्यायची.

ही माहिती न मागवल्याने काय होतं, ते बघायला शिकागोला जायची गरज नाही. १९९४मध्ये पुण्यात एका घरातल्या पाच महिला आणि दोन मुलांचा खून झाला. महिलांपैकी एक गरोदर होती. शहर हादरलं होतं आणि राग अगदी रास्त होता. फाशी झालेल्या आरोपींपैकी एकाच्या राजस्थानातल्या शाळेच्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या. गुन्ह्याच्या वेळी तो १२ वर्षं सहा महिन्यांचा होता! कायद्याने अल्पवयीन. त्याला फाशी देताच येत नव्हती. मार्च २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं, तोवर त्याची २८ वर्षं तुरुंगात गेली होती. ‘याचं खरं वय किती?’ हा प्रश्न वेळेवर कुणी नीट लावून धरला असता तर?

मला माहितीय, तुम्ही म्हणाल, आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काय? त्यांचं दुःख खरं आहे आणि कोर्टात ते मांडायला सरकारी वकील असतो. त्या आईने फाशी मागितली तर तिला चूक म्हणायची माझी हिंमत नाही. पण ती आई आहे, न्यायाधीश नाही. आणि आपण तर दोन्ही नाही. आपण फक्त स्क्रोल करतोय.

डॅरोच्या बाबतीत एक गोष्ट मात्र खुपते. तो मिळाला, कारण मुलांच्या बापांकडे पैसा होता. ज्याच्याकडे पैसा नाही आणि ज्याच्या बाजूने उभं राहायला गावात कुणी तयार नाही, त्याला असा वकील सर्वात जास्त लागतो. काही ठिकाणी तर ‘अमक्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही’ असे ठराव बार असोसिएशनने केले आहेत. असे ठराव बेकायदा आहेत, हे सुप्रीम कोर्टाने २०१०मध्येच सांगितलंय.

मूट कोर्टात मी उभी राहिले. पहिलंच वाक्य म्हटलं, ‘‘माझ्या अशिलाने हा गुन्हा केला आहे आणि तो भयंकर आहे.’’ हॉल एकदम शांत झाला. मग त्याच्याबद्दल बोलले, वीस मिनिटं.

आम्ही हरलो. परीक्षकांनी फाशीच दिली. रूमवर परतताना रूममेट बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘मला अजूनही वाटतं त्याला फाशीच व्हायला हवी होती. पण तू बोलली नसतीस, तर तो १९ वर्षांचा आहे हे माझ्या डोक्यातच आलं नसतं.’’