‘गिरजाघर’ आणि ‘ख्रिस्तसभा’ : एका शब्दाचा प्रवास

नागपूर जिल्ह्यात कन्हान नदीकाठी वसलेल्या मौदा परिसरात मराठीच्या जोडीला हिंदीही कानी पडते. त्यामुळे ‘चर्च’प्रमाणेच ‘गिरजाघर’ हा शब्दही आपल्या परिचयाचा आहे. गोवा व वसईकडे ‘इगर्जी’ म्हणतात. ‘गिरजा’ आणि ‘इगर्जी’ ही एकाच पोर्तुगीज शब्दाची, ‘इग्रेजा’ची, दोन रूपे होत. वसईवर पोर्तुगीजांची सत्ता १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे होती. विदर्भात ती कधीच आली नाही. त्यांचा शब्द मात्र हिंदीच्या वाटेने येथवर पोहोचला.

‘इग्रेजा’ची जननी लॅटिन भाषा. लॅटिनमधील ‘एक्लेसिया’ या शब्दापासून स्पॅनिशमध्ये ‘इग्लेसिया’, फ्रेंचमध्ये ‘एग्लीझ’ आणि इटालियनमध्ये ‘किएझा’ हे शब्द झाले. रोमानियन भाषा मात्र वेगळ्या वाटेने गेली. तिचा ‘बिसेरिका’ हा शब्द ‘बॅसिलिका’पासून आला. रोमन लोकांच्या न्यायदानाच्या व व्यवहाराच्या भव्य सभागृहाला ते नाव होते. तेथे शब्दाचे मूळ वास्तूत आहे. इतर भगिनीभाषांत ते माणसांत आहे.

कारण ‘एक्लेसिया’ हा शब्द लॅटिनने ग्रीकमधून घेतला आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘बोलावून एकत्र आणलेली सभा’ असा होता. अथेन्समधील नागरिकांच्या सभेला हेच नाव होते. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात इस्राएलच्या मंडळीसाठी हा शब्द योजला गेला. संत मत्तयच्या शुभवर्तमानात (१६:१८) प्रभू येशूच्या मुखी तोच आहे. संत पौल अक्विला व प्रिस्का यांच्या घरी जमणाऱ्या ‘एक्लेसिया’चा उल्लेख करतो. त्या काळी स्वतंत्र प्रार्थनामंदिरे नव्हती. श्रद्धावंत मात्र होते. पुढे सभेचे नाव वास्तूलाही लाभले.

इंग्रजी ‘चर्च’चे मूळ निराळे. ‘प्रभूचे’ या अर्थाच्या ‘किरियाकोन’ या ग्रीक शब्दापासून तो आला, असे मानले जाते.

आपण मराठी भाषक ‘ख्रिस्तसभा’ म्हणतो, तेव्हा ‘एक्लेसिया’चा मूळ अर्थच उच्चारतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेला ‘देवाची प्रजा’ म्हटले, तेही याच अर्थाशी सुसंगत आहे. तरीही ‘हे काम चर्चने करावे’ असे आपण सहज बोलून जातो आणि मनात महागुरूस्वामी, धर्मगुरू वा इमारत असते. शब्दाचा इतिहास सांगतो की, ते ‘चर्च’ म्हणजे आपणच.

‘गिरजाघर’ म्हणजे, मुळाकडे पाहता, सभेचे घर. सभाच जमली नाही, तर उरते ते केवळ घर.