पेशी आपली ओळख कशी टिकवते?

यकृताची पेशी दुभंगली की यकृताच्याच दोन पेशी तयार होतात, त्वचेची दुभंगली की त्वचेच्याच. दोन्हींतला डीएनए मात्र एकच असतो. फरक पडतो तो कोणती जनुके चालू आणि कोणती बंद, यामुळे. त्याची नोंद डीएनएवरच्या आणि त्याला गुंडाळून ठेवणाऱ्या प्रथिनांवरच्या रासायनिक खुणांत असते. डीएनएची नक्कल होताना या खुणाही पुढे जाव्या लागतात.

पहिली खूण मिथिल गटाची. सस्तन प्राण्यांत हा गट मुख्यतः ग्वानिनच्या लगेच आधी येणाऱ्या सायटोसिनवर बसतो. ही जोडी समोरच्या धाग्यावर उलट दिशेने तशीच वाचली जाते, त्यामुळे खूण दोन्ही धाग्यांवर असते. नक्कल झाल्यावर जुन्या धाग्यावर ती राहते, नवा धागा कोरा असतो. यूएचआरएफ-१ हे प्रथिन अशी अर्धवट खुणेची जागा हेरते आणि डीएनएमटी-१ हे विकर तिथे येऊन नव्या धाग्यावर मिथिल गट बसवते. अशी यंत्रणा असावी, हे रॉबिन हॉलिडे व जॉन पग यांनी आणि स्वतंत्रपणे आर्थर रिग्स यांनी १९७५ मध्येच मांडले होते.

दुसऱ्या खुणा हिस्टोन प्रथिनांवर असतात. आठ हिस्टोनांच्या गाभ्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ बेस-जोड्या गुंडाळलेल्या असतात. नक्कल करणारी यंत्रणा पुढे सरकते तेव्हा हा गाभा सुटतो. त्यातले एच-३ आणि एच-४ हे जुने हिस्टोन, खुणांसह, दोन्ही नव्या प्रतींत वाटले जातात. या वाटपात यंत्रणेतलाच एमसीएम-२ हा घटक हातभार लावतो. उरलेल्या जागा नव्या हिस्टोनांनी भरतात. मग पीआरसी-२ हा प्रथिनसमूह जुन्या हिस्टोनवरची जनुक बंद ठेवणारी खूण ओळखतो आणि शेजारच्या नव्या हिस्टोनवर तीच उमटवतो. हे काम सावकाश चालते. काही खुणा पूर्ववत व्हायला पुढचे पेशीचक्र उजाडते.

ही स्मृती किती पक्की असते, ते तिरंगी मांजरीच्या अंगावर दिसते. केसांचा रंग नारिंगी की काळा, हे ठरवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मादीच्या गर्भावस्थेत प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स बंद करते, असे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले. त्या पेशीच्या सगळ्या वंशजांत तोच एक्स बंद राहतो, म्हणून नारिंगी आणि काळे चट्टे वेगवेगळे उमटतात.

ॲझासिटिडिन हे औषध मिथिल खुणांच्या यंत्रणेवर काम करते. अस्थिमज्जेच्या काही विकारांत दिले जाणारे हे औषध डीएनएत शिरून डीएनएमटी-१ला अडकवून ठेवते. त्यामुळे दर विभाजनाला मिथिल खुणा विरळ होतात आणि बंद पडलेली काही जनुके पुन्हा चालू होऊ शकतात.