संध्याकाळ हुकली, दिवस हुकला नाही

असर आणि मगरिबच्या मधला वेळ घरात सर्वांत नाजूक असतो. मुले शाळेतून आलेली असतात, गॅसवर चहा उकळत असतो, कोणीतरी बेकरीतून खारी आणि नानखटाई घेऊन येतो. सकाळी ज्वारीची भाकरी आणि दुपारी मोजके जेवण घेऊन दिवस नेटाने काढलेला माणूस नेमका याच वेळी दोन समोसे संपवतो. मग म्हणतो, "आता मोडलंच आहे, उद्यापासून बघू."

आमच्या घरात हा विचार एकदा फार महागात पडला. अम्मींना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. डॉक्टरांनी बजावल्यावर त्यांच्याबरोबर आम्ही सगळ्यांनीच जेवण बदलले. तळण कमी केले, चहातली साखर कमी केली, ताटात भाजी वाढवली. तीन आठवडे चांगले गेले. मग एका संध्याकाळी पाहुणे आले. त्यांना आग्रह करता करता अम्मींनीही भजी खाल्ली. पाहुणे गेल्यावर बशीत उरलेली नानखटाई 'वाया कशाला घालवायची' म्हणून संपवली. इशानंतर दस्तरखान मांडला, तर त्या आल्याच नाहीत. "आज खूप खाल्लंय, आता शिक्षा म्हणून जेवणार नाही," म्हणाल्या. रात्रीची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली.

रात्री दोनच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, शब्द अडखळू लागले. घरातल्या यंत्रावर शुगर 58 आली. साखरेचे पाणी दिल्यावर थोड्या वेळाने ती वर आली, अल्हम्दुलिल्लाह. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "भज्यांनी एवढं बिघडलं नसतं. गोळी घेऊन उपाशी झोपलात, त्यानं बिघडलं."

आम्ही त्यावर बराच विचार केला. चूक झाल्यावर आपल्यापैकी काही जण हात सोडून देतात आणि रात्री बिर्याणीवर ताव मारतात. काही जण स्वतःला उपाशी ठेवून शिक्षा करतात. दोन्ही वाटा एकाच समजुतीतून निघतात, की आजचा दिवस बिघडला तो बिघडलाच.

ही समजूत किती नुकसान करते हे अभ्यासकांनीही पाहिले आहे. 1975 साली पीटर हरमन आणि डेबोरा मॅक यांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक दिला आणि नंतर आइस्क्रीम हवे तेवढे खायला सांगितले. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या कटाक्षाने पथ्य पाळत होत्या, त्यांनी मात्र पथ्य मोडल्यावर उलट जास्त खाल्ले. पुढे 2007 साली क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लीरी यांनी पथ्य पाळणाऱ्या तरुणींना डोनट खायला दिला. त्यांच्यातल्या काहींना सांगितले की असे सगळ्यांचेच होते, स्वतःवर रागावू नका. ज्यांना हे सांगितले, त्यांनी नंतर समोर ठेवलेल्या गोड गोळ्या कमी खाल्ल्या. स्वतःला बोल लावून तोंड आवरत नाही, हेच यातून दिसते.

आपल्याला तर हे रोजाच शिकवतो. रोजेदाराने विसरून काही खाल्ले-प्यायले, तर त्याने रोजा पूर्ण करावा, ते अल्लाहनेच त्याला खाऊ-पिऊ घातले, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. आठवताच हात थांबतो आणि उरलेला दिवस सांभाळला जातो. रोजा गेला म्हणून दिवसभर खात सुटावे, असे आपल्या मनातही येत नाही. समोसा हा काही रोजा मोडणे नव्हे, ते पापही नव्हे, आणि तो आपण विसरून खाल्लेला नसतो हेही खरे. पण वागण्याची रीत तीच घ्यावी. लक्षात येताच थांबावे आणि उरलेला दिवस जपावा.

मग त्या संध्याकाळी नेमके काय करायचे? आमच्या घरात आता ठरलेली पद्धत आहे. आधी डबा बंद करून फडताळात ठेवायचा आणि बशा उचलायच्या. उरलेला खाऊ पोटात ढकलणे म्हणजे इसराफ टाळणे नव्हे. गरज नसताना खाणे हाही इसराफच आहे, म्हणून उरलेले शेजारी द्यावे किंवा सकाळसाठी ठेवावे. मग पाणी प्यावे आणि दहा-पंधरा मिनिटे चालावे. खाल्ल्यानंतर स्नायू हलले की ते रक्तातली साखर वापरतात. मगरिबला मशिदीपर्यंत पायी जाणे हाही चांगला उपाय आहे. रात्रीचे जेवण चुकवायचे नाही. भात-भाकरी थोडी कमी घ्यावी, भाजी, डाळ किंवा मासा नेहमीसारखा घ्यावा. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवण्याची शिकवण अशा रात्री विशेष उपयोगी पडते.

ज्यांना इन्सुलिन किंवा शुगर कमी करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी जास्त काळजी घ्यावी. जास्त खाल्ले म्हणून स्वतःच्या मनाने डोस वाढवू नये, आणि औषध घेऊन जेवण टाळू नये. 70 च्या खाली शुगर गेली तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाटा पुढे दिसला तर घाबरू नये. किलोभर चरबी वाढायला सुमारे 7,700 कॅलरी जास्तीच्या लागतात आणि एका संध्याकाळच्या खाण्यात तेवढ्या नसतात. खारट, तळलेल्या खाण्याने शरीर पाणी धरून ठेवते, ते दोन-तीन दिवसांत उतरते. त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा, काल एवढी भूक का लागली? अम्मींचे उत्तर सोपे होते. दुपारी एक वाजता त्या अर्धी भाकरी खात आणि रात्री साडेनऊला जेवत. मधल्या साडेआठ तासांत फक्त चहा. आता आम्ही त्यांच्या दुपारच्या ताटात डाळ किंवा अंडे वाढवतो आणि असरनंतर मूठभर भाजलेले चणे किंवा उकडलेल्या शेंगा ठेवतो. पोट रिकामे नसले की बेकरीची पिशवी तेवढी खुणावत नाही.

घरच्यांनी आपली जीभही सांभाळायला हवी. "तुमचं पथ्य कुठं गेलं?" असे भाभीने हसत विचारले तरी ते बोचते, आणि मग माणूस स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, कोणाला न दिसता खातो. लपून खाल्लेल्याचा हिशेब राहत नाही. त्यापेक्षा "अम्मी, या, जेवायला बसू," एवढे म्हणणे पुरते.

थोडे पण सातत्याने केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय आहे, ही हदीस आपण इबादतीच्या संदर्भात ऐकतो. ताटापाशीही ती लागू पडते. सातत्य म्हणजे कधीच न चुकणे नव्हे. तौबा करणारा परत येतो, तसे पुन्हा पुन्हा परत येणे म्हणजे सातत्य.

गेल्या महिन्यात पुन्हा पाहुणे आले, पुन्हा भजी झाली. अम्मींनी चार खाल्ली आणि डबा आमच्याकडे सरकवला. इशानंतर त्या दस्तरखानावर सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वाढा, भाकरी अर्धीच द्या, भाजी मात्र भरपूर."